वसमतची हळद गूगलला कशी सापडेल?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतजवळच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्याकडे चार एकर हळद असते. सगळा माल मोंढ्यावर, म्हणजे घाऊक बाजारात, न घालता थोडा भाग त्या घरीच दळतात आणि पाव किलो, अर्ध्या किलोची पाकिटं करून विकतात. दिवाळीच्या सुमारास अठरा हजार रुपये देऊन त्यांनी वेबसाइट करून घेतली. तीन महिने झाले. हळद शोधणाऱ्याला साइट दिसणं तर दूरच, स्वतःच्या ब्रँडचं नाव टाकलं तरी ती गूगलवर येत नाही. आता एक जण म्हणतो, महिन्याला आठ हजार द्या, पंधरा दिवसांत पहिल्या पानावर आणतो. द्यावेत का? आणि द्यायचे नसतील तर आपलं आपण काय करावं?

ताई, देऊ नका. पंधरा दिवसांत पहिलं पान म्हणजे पी हळद अन् हो गोरी. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलनं स्वतःच्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. नांदेडात मी चौदा वर्षं हेच काम करतो, मलाही ती देता येत नाही. अशी हमी देणारे बहुतेक जण कुठल्या कुठल्या साइटींवरून तुमच्या साइटकडे शेकड्यानं लिंका विकत घेतात. क्रमांक वाढवण्यासाठी लिंका विकत घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. २०१२ पासून गूगल अशा लिंका ओळखून बाजूला काढत आलं आहे. म्हणजे पैसेही जातात आणि कोऱ्या साइटवर डागही पडतो.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. तीन महिन्यांनंतरही स्वतःच्या नावानं साइट येत नाही, तेव्हा गूगलला वेळ लागतोय असं समजू नका. नवीन साइटची नोंद व्हायला काही दिवस ते काही आठवडे पुरतात आणि वेगळ्या नावाचा ब्रँड असेल तर त्या नावाला फारशी स्पर्धाही नसते. तुमच्या साइटचं दार कुठंतरी आतून बंद आहे. ते उघडल्याशिवाय बाकीच्या कशावरही एक रुपया खर्च करू नका.

तपासणी मोबाइलवरही होते. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द टाइप करा, लगेच कोलन द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता लिहा. तुमची पानं दिसली तर नोंद झालेली आहे. काहीच आलं नाही तर नोंद नाही, असं बहुतांशी धरता येतं. पक्कं उत्तर मात्र गूगल सर्च कन्सोलमध्ये मिळतं. ही सोय फुकट आहे. तिथं साइट जोडायची, मालकी सिद्ध करायची आणि वरच्या पट्टीत मुख्य पानाचा पत्ता टाकायचा. पान गूगलवर आहे की नाही आणि नसेल तर का नाही, हे ते सांगतं.

मालकी सिद्ध करताना बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आपल्या नावावरच नाही. साइट करणाऱ्या मुलानं ते स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, घाईत तसं होऊन जातं. पण पुढं तो मुलगा पुण्याला नोकरीला जातो, फोन उचलत नाही, वर्षभरानं नूतनीकरणाची तारीख उलटते आणि पत्ता हातचा जातो. पाकिटांवर छापलेला, लोकांच्या तोंडात बसलेला पत्ता असा गेलेला मी पाहिला आहे. म्हणून आधी हे मार्गी लावा. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवलेली भाड्याची जागा) आणि वर्डप्रेस (साइट बांधायचं साधन) या तिन्हींचं लॉगिन तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरसह हवं. अठरा हजार दिलेत, ते मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सातबारा जसा आपल्या नावावर असावा लागतो, तसंच हे.

दार बंद असण्याचं जे कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडलं, ते एका टिकमार्कएवढं आहे. उदगीरच्या एका डाळमिलवाल्यांची साइट सात महिने कुठंच दिसत नव्हती. त्यांनी दोन माणसं बदलली, पैसे घातले. मी त्यांच्या ऑफिसात बसून वर्डप्रेसच्या सेटिंग्ज उघडल्या, त्यात ‘रीडिंग’ नावाच्या पानावर गेलो. सगळ्यात खाली एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशा अर्थाचा. त्यात बरोबरची खूण होती. साइट बांधताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून ही खूण करतात, ते योग्यच आहे. काम झाल्यावर ती काढायची राहून गेली होती. खूण काढली, सर्च कन्सोलमध्ये नोंदणीची विनंती टाकली आणि आठवड्याच्या आत मिलचं नाव टाकल्यावर साइट वर आली. सात महिने दोन्ही माणसांनी डोमेनपासून डिझाइनपर्यंत सगळ्याला दोष दिला होता, तो चौकोन कुणी उघडूनच पाहिला नव्हता. ताई, तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर आज हेच आधी बघा.

खूण नसेल तर रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल बघा. तुमच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ देऊन हे नाव इंग्रजीत टाकलं की ती उघडते. त्यात ‘डिसअलाउ’ या शब्दापुढं नुसती एकच तिरकी रेघ असेल, तर गूगलच्या यंत्राला सगळ्या साइटवर फिरायला मनाई केलेली आहे. ती ओळ साइट करणाऱ्याकडून काढून घ्या. मग साइटमॅप, म्हणजे तुमच्या पानांची यादी. वर्डप्रेस २०२० पासून ती आपोआप बनवतं, आपल्याला तिचा पत्ता सर्च कन्सोलमध्ये एकदा द्यायचा असतो. तुमच्या आठ-दहा पानांच्या साइटला याहून जास्त यंत्रणा लागत नाही.

दार उघडलं तरी सर्च कन्सोलमध्ये काही पानांपुढं वेगळा शेरा दिसेल: पान सापडलं, किंवा वाचूनही झालं, पण सध्या नोंदवलेलं नाही. हा शेरा आला की लोक रोज नोंदणीची विनंती दाबत बसतात. त्यानं काही होत नाही. नुसतं सापडलेलं पान गूगलनं अजून वाचलेलं नसतं. वाचूनही नोंदवलं नसेल, तर ठेवून घेण्यासारखं त्यात काही दिसलं नाही, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. मग पानावर काय आहे ते बघावं लागतं.

आपल्याकडच्या साइटींत इथं दोन दुखणी हमखास सापडतात. पहिलं बॅनरचं. फ्लेक्सवाल्याकडून किंवा मोबाइलच्या ॲपवर छान पिवळं चित्र करून घेतलेलं असतं. त्यात नाव, भाव, ‘शुद्ध व नैसर्गिक’, फोन नंबर असं सगळं असतं आणि तेच चित्र मुख्य पानावर लावलेलं असतं. माणसाला ते वाचता येतं, पण गूगलचा भर मजकुरावर असतो, चित्रात कोरलेल्या अक्षरांवर विसंबता येत नाही. दुसरं दुखणं जुन्या फाँटचं. छपाईच्या दुकानात वर्षानुवर्षं श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव यांत मजकूर टाइप होत आला. त्यांच्या जुन्या पद्धतीत डोळ्याला ‘हळद’ दिसते, पण मागं साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. गूगलला तेवढंच दिसतं. एक सोपी परीक्षा सांगतो. साइटवरची एक ओळ बोटानं दाबून निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, चिंता नाही. भलतीच अक्षरं उमटली तर फाँट जुना आहे, सगळं पुन्हा टाइप करावं लागेल. आणि ओळ निवडताच आली नाही, तर बहुधा ते चित्र आहे.

आता मजकुराविषयी, कारण कायमची कमाई इथं आहे. तुम्ही पाठवलेल्या पत्त्यावर मी जाऊन आलो. ‘आमच्याबद्दल’ या पानावर हळदीचं शास्त्रीय नाव, तिचा इतिहास आणि आयुर्वेदातलं महत्त्व लिहिलेलं आहे. हा मजकूर शेकडो साइटींवर जवळपास याच शब्दांत आहे. गूगलनं तो एकशे एकाव्यांदा तुमच्याकडून कशाला घ्यावा? तुम्हाला जे माहीत आहे ते त्या शेकडो साइटींना माहीत नाही आणि तेच तुमच्या साइटवर एका ओळीतही नाही. बेणं कुठलं, लागवड कधी, काढणी कधी, कुकरमध्ये हळद शिजली हे कसं ओळखायचं, वाळायला किती दिवस लागतात, पॉलिशमध्ये काय निघून जातं, जेठे गड्डे, म्हणजे मधले मूळ कंद, वेगळे का काढतात, दळताना पावडर तापू नये म्हणून काय करता. मोंढ्यावर हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते लिहिण्यासारखं वाटत नाही. ठाण्यात पाकीट विकत घेणाऱ्या बाईला यातलं काहीच माहीत नसतं आणि ती नेमकं हेच शोधत असते.

नमुन्यादाखल चार ओळी देतो, तुमची खरी माहिती घालून बदलून घ्या: ‘आमची हळद सेलम जातीची. जूनमध्ये लावलेली, फेब्रुवारीत काढलेली. कुकरमध्ये वाफेवर शिजवतो, काडी हळकुंडात सहज आरपार गेली की बाहेर काढतो. पंधरा दिवस उन्हात वाळवतो, रात्री ताडपत्रीनं झाकून ठेवतो. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम एक किलो वाळलेली हळद हाती येते, त्यातलंही थोडं पॉलिशमध्ये जातं.’ बघा, या शेवटच्या वाक्यात ‘तुमची हळद महाग का’ या प्रश्नाचं उत्तर येऊन गेलं. हा प्रश्न तुम्हाला रोज फोनवर विचारला जात असेल. फोनवर येणारा प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवत जा. महिन्याभरात दहा-बारा पानांचे विषय तयार होतील आणि ते कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरच्या यादीपेक्षा खरे असतील.

यात एका गोष्टीवर मी ठाम आहे. हळदीनं मधुमेह जातो, कॅन्सर बरा होतो, असं काहीही लिहू नका. आजार बरे करण्याचे दावे कायद्याच्या कचाट्यात येतात. शिवाय आरोग्याच्या विषयावर कुणाचं ऐकायचं हे गूगल जास्त कसोशीनं पारखतं. कुणीतरी असं वाचून औषध बंद केलं तर काय, हा विचार तर त्याच्याही आधीचा. भेसळ कशी ओळखावी यावर जरूर लिहा, लोक ते शोधतात. पिवळा रंग खुलवण्यासाठी हळदीत लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग मिसळल्याचे प्रकार घडलेले आहेत, त्यामुळे ग्राहकांची भीती खोटी नाही. तुमच्या लॉटची तपासणी केलेली असेल तर अहवाल तारखेसकट लावा. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर असतो, तो साइटवरही द्या. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हेही सांगा. मात्र मानांकनाची खूण वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती झाल्याशिवाय खूण छापू नका.

कुणी म्हणेल, एआयकडून दिवसात शंभर लेख करून देतो. मदत जरूर घ्या, शुद्धलेखन तपासा, वाक्यं नीट करा. पण क्रमांक वाढावा म्हणून घाऊक पानं पाडण्याविरुद्ध गूगलनं मार्च २०२४ मध्ये स्पष्ट नियम केला आहे. आणि काडी आरपार गेली की हळद शिजली, हे तुमच्या हातांना जसं माहीत आहे तसं त्या लेखांत कधीच येणार नाही.

मग शब्दांचा प्रश्न. तुम्ही गावाला वसमत म्हणता, रेल्वेच्या फलकावर बसमत आहे. बाहेरचा माणूस दोन्हींपैकी काहीही टाकेल. मराठवाड्यात हे जागोजागी आहे. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये अधिकृत झाली, पण औरंगाबाद आणि उस्मानाबाद टाकून शोधणारे अजूनही आहेत. तुमचं गिऱ्हाईक कुणी हळद लिहितं, कुणी तेच रोमन अक्षरांत, कुणी हल्दी, कुणी टर्मरिक पावडर. पण म्हणून सगळे शब्द एका ओळीत कोंबू नका, वाचवत नाही आणि फायदाही नाही. सरळ वाक्यात आणा: वसमत, ज्याला बरेच लोक बसमत म्हणतात, तिथून आठ किलोमीटरवर आमचं शेत. अंतर अर्थात तुमचं खरं घाला. हिंदी आणि इंग्रजी गिऱ्हाईक हवं असेल तर त्या भाषेत वेगळं पान, वेगळ्या पत्त्यावर, माणसानं लिहिलेलं. वरच्या कोपऱ्यातलं भाषांतराचं बटण वाचकाच्या स्क्रीनवर जागच्या जागी मजकूर बदलतं. त्यातून गूगलला नवीन पान मिळत नाही.

पानाचं शीर्षक बदला. शोधाच्या निकालात जी निळी ओळ दिसते ती सहसा यातूनच येते आणि तुमच्या मुख्य पानाचं शीर्षक सध्या आहे ‘होम’. तिथं लिहा: सेलम हळद पावडर, वसमत, जिल्हा हिंगोली, शेतातून थेट, आणि पुढं ब्रँडचं नाव. प्रत्येक पानाला त्याचं त्याचं वेगळं शीर्षक हवं. आणि ‘कीवर्ड टॅग (पानामागं लपवलेली शोधशब्दांची यादी) भरून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर साफ नाही म्हणा, गूगल क्रमवारीसाठी तो टॅग बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

फोटोंकडेही लक्ष द्या. तुमचं मुख्य पान माझ्या मोबाइलवर उघडायला फार वेळ लागला, कारण कॅमेऱ्यातले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवलेले आहेत. ते दोनशे केबीच्या आत आणा, फुकटच्या साधनांनी होतं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा चांगल्या पानाचा निकष आहे. गूगल आता साइटची मोबाइलवरची आवृत्तीच वाचतं, तेव्हा साइट करणाऱ्याच्या लॅपटॉपवर ती कशी दिसते याला महत्त्व नाही. गावात रेंजची एकच कांडी असताना ती उघडते का, ते बघा.

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद, काढा, तेही फुकट आहे. दळणाची जागा दाखवणारा व्हिडिओ मागतात, तो द्या. नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेवढंच नाव ठेवा, ‘बेस्ट हळद हिंगोली’ अशी शेपटी लावली तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. ज्यांनी खरंच हळद नेली त्यांना दोन ओळी लिहायला सांगा. भाच्या-पुतण्यांकडून लिहून घेऊ नका.

लिंका विकत घेऊ नका म्हणालो, पण लिंका लागतातच. गूगलची मूळ कल्पनाच १९९८ मध्ये यावर उभी राहिली की एका पानानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर ती साक्ष धरायची. तुमच्या बाजूनं खरी साक्ष कोण देईल? तुम्ही ज्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद असाल तिची साइट, जिथं प्रशिक्षण घेतलं ते कृषी विज्ञान केंद्र, तुमची हळद ठेवणारं पुण्या-मुंबईचं दुकान, तुमच्यावर बातमी करणारं स्थानिक दैनिक. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात स्टॉल लावलात तर तिथं भेटलेल्या पाककृती लिहिणाऱ्या बाईंना एक पाकीट द्या आणि आवडली तरच लिहा म्हणा. अशा पाच लिंका मला पाचशे विकतच्या लिंकांपेक्षा मोलाच्या वाटतात, आणि असं मी तुम्हालाच नाही, पैसे देणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

वेळेचं बोलायचं तर दार उघडल्यावर ब्रँडचं नाव लवकर येईल. ते दिसलं म्हणून अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नका. ज्याला तुमचं नाव माहीत आहे तो तुम्हाला फोनही करू शकतो. नाव माहीत नसलेला माणूस ‘घरची हळद पावडर’ टाकून तुमच्यापर्यंत यायला चार महिने ते वर्ष धरून चला. मोठ्या कंपन्यांच्या पुढं नुसत्या ‘हळद’ या शब्दावर तुम्ही येणार नाही, त्यामागं लागूही नका. ‘वसमत हळद’, ‘सेलम हळद पावडर शेतकऱ्याकडून’, ‘पॉलिश न केलेलं हळकुंड’ अशा लांब शोधांवर मात्र तुमची जागा आहे. सर्च कन्सोल सोळा महिन्यांपर्यंतची नोंद दाखवतं. पंधरा दिवसांतून एकदा बघा. एखाद्या शोधात तुम्ही बऱ्याचदा दिसता पण कुणी दाबत नाही, तर शीर्षक सुधारा. तुमच्या साइटवर ज्याचं उत्तरच नाही अशा शोधात तुम्ही दिसत असाल, तर त्यावर नवीन पान लिहा.

सध्या काढणीचे दिवस आहेत, तुम्हाला बसायला सवड नसेल हे कळतं. लिहिणं मार्चनंतर केलं तरी चालेल. पण कुकर लागेल तेव्हा मोबाइल जवळ ठेवा. वाफ निघताना, काडी टोचून बघताना, ताडपत्रीवर पसरलेली हळद, पॉलिशच्या ड्रमातून बाहेर पडणारी हळकुंडं, सगळ्याचे फोटो आणि छोटे व्हिडिओ तारखेसकट काढून ठेवा. पुढच्या काढणीपर्यंत ते पुन्हा मिळणार नाहीत. आणि आज रात्री फक्त तो चौकोन आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे एवढं बघून मला कळवा, पुढचं तिथून ठरवू.